हातांना येणाऱ्या मुंग्या आणि मिनिटांचा हिशेब

(अधारताल, जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आज अधारतालला आम्ही मराठीतून बोलत आहोत. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाचे हे तळे. त्या तळ्याच्या नावाची ही वस्ती, आणि जबलपूर-कटनी मार्गावरचे हे छोटे स्टेशन. मराठी माणूस इथे पाहुणा नाही. १९५६ पर्यंत या जबलपूरची राजधानी नागपूर होती. ३१ मार्च २००३ पर्यंत इथली रेल्वे मध्य रेल्वेत होती आणि तिचे मुख्यालय मुंबईत होते. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, पश्चिम मध्य रेल्वे सुरू झाली आणि मुख्यालय जबलपूरलाच आले. भुसावळ-नागपूरकडून बदलीवर आलेली आपली कितीतरी कुटुंबे इथेच रुजली.

आज पगार, पेन्शन आणि बढतीवर बोलणारे वक्ते आहेत. ते प्रश्न मोठेच आहेत. आम्ही मात्र आपल्या हातांविषयी बोलणार आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. जे सांगू ते लाइनवर पाहिलेले आणि पुढे वाचून पडताळलेले सांगू.

आधी एक काम करा. ज्यांनी टॅम्पर, ग्राइंडर, रूळ कापण्याचे किंवा भोक पाडण्याचे मशीन चालवले आहे, त्यांनी शर्टाचे एक बटण काढा आणि न बघता पुन्हा लावा. ज्यांना पटकन जमले नाही त्यांनी हसण्यावारी नेऊ नका. ज्यांना जमले त्यांनीही उरलेले भाषण लक्ष देऊन ऐका.

आमच्या गँगमध्ये एक सोबती होता. नाव सांगत नाही. आम्ही १९९१ साली गँगमन म्हणून लागलो, तो आमच्या आधीचा. त्या वेळी बरेचसे काम बीटरने होई. चार माणसे समोरासमोर उभी राहून स्लीपरखाली खडी ठोकत. पुढे काँक्रीटचे स्लीपर सगळीकडे आले. त्यांचे पॅकिंग हाताने नीट होत नाही, म्हणून मोठी टॅम्पिंग मशीने आली, आणि जिथे मोठे मशीन पोहोचत नाही तिथे हातात धरायचे टॅम्पर आले. वेल्डिंग झाल्यावर जोड घासायला ग्राइंडर आला. आमचा हा सोबती ताकदीचा आणि कामाला चोख. म्हणून मुकादम मशीन त्याच्याच हातात द्यायचा. आम्हाला वाटायचे, बीटरपेक्षा बरे, घाम तरी कमी गळतो.

दोन-तीन वर्षांनी तो म्हणू लागला की रात्री हाताला मुंग्या येतात, झोप मोडते. मग त्याच्या हातून चहाचा ग्लास सुटू लागला. दवाखान्यात साखर तपासली, मानेचा एक्स-रे काढला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. हातात रोज कोणते मशीन असते, हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. एका जानेवारीत, रूळ तडकतात म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त असते त्या गस्तीवरून तो पहाटे परतला. दिव्याजवळ हात धरून त्याने बोटे दाखवली. मधली दोन बोटे पेरापर्यंत पांढरीफटक, मेणासारखी. अर्ध्या तासाने ती लाल झाली आणि तो वेदनेने कळवळला.

आणि आम्ही त्याला काय म्हणालो? "अरे, वय झालं आता." त्याचे वय होते चव्वेचाळीस. त्या वेळीही आम्ही युनियनची वर्गणी गोळा करत होतो. हे वाक्य आजही आम्हाला बोचते आणि त्यासाठीच आज इथे उभे आहोत.

त्याला झालेल्या आजाराला नाव आहे. कंपन करणारे हत्यार रोज हातात धरल्याने बोटांतल्या बारीक नसा बधिर होतात. बारीक रक्तवाहिन्या थंडीत आवळून बंद होतात आणि बोट पांढरे पडते. मनगटाचे, कोपराचे स्नायू आणि सांधे धरतात, हाताची पकड जाते. इंग्रज कामगार याला 'पांढऱ्या बोटाचा आजार' म्हणत. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या बाई दगड घडवणाऱ्या कामगारांना तपासायला गेल्या. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा उजव्या हातात आणि छिन्नी डाव्या हातात, असे ते काम होते. बहुतेकांच्या डाव्या हाताची बोटे जास्त पांढरी पडत होती, कारण थरथरती छिन्नी त्याच हातात असे. म्हणजे शंभरहून जास्त वर्षे जगाला हे माहीत आहे.

मग आपल्याकडे का माहीत नाही? त्याचे एक कारण आपली हवा आहे. बोट पांढरे पडायला थंडी लागते. उष्ण देशांत तेच मशीन तेवढाच वेळ चालवणाऱ्याची बोटे क्वचितच पांढरी पडतात. त्याला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पकड सैल होते. म्हणजे आजार होतो, पण त्याची ओळखीची खूण दिसत नाही. पुस्तकात पांढरे बोट शोधणारा डॉक्टर आपला हात पाहून म्हणतो, काही नाही. जबलपूरला हिवाळ्यातली पहाट चांगलीच गार असते, म्हणून आमच्या सोबत्याची बोटे आम्हाला दिसली तरी. मे महिन्यात भुसावळला तीच बोटे दिसली नसती. म्हणून आपल्या लाइनवर मुंग्या हीच धोक्याची घंटा समजा. काम संपल्यावर वीस मिनिटे मुंग्या राहत असतील, तर हात काहीतरी सांगतो आहे. या पायरीवर मशीन थांबवले तर हात बहुधा सुधारतो. नसा मेल्यावर कोणत्याही गोळीने त्या परत येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. या आजारात सगळा खेळ मिनिटांचा आहे.

कंपनाचा जोर मोजता येतो. त्याचे माप मीटर प्रति वर्ग सेकंद असे असते. एकक पाठ करण्याची गरज नाही, आकडा लक्षात ठेवा. युरोपात २००२ सालच्या निर्देशाने हातासाठी दोन रेषा आखल्या. आठ तासांच्या दिवसाचे सरासरी कंपन २.५ वर गेले की मालकाने उपाय सुरू केलेच पाहिजेत, आणि ५ च्या वर कोणालाही काम देता येत नाही. तो आपल्याकडचा कायदा नव्हे, पण मोजपट्टी म्हणून ती आपल्याला उपयोगी आहे.

या मोजपट्टीने तीन मशीने पाहू. एकाचे कंपन ५ आहे असे समजा. ते रोज दोन तास चालवले की पहिली रेषा येते, आठ तास चालवले की दुसरी. दुसऱ्या मशीनचे कंपन १०. पहिली रेषा अर्ध्या तासात, दुसरी दोन तासांत. तिसरे झिजलेले, डुगडुगणारे, कंपन २०. पहिली रेषा साडेसात मिनिटांत आणि दुसरी अर्ध्या तासात. लक्षात आले का? कंपन दुप्पट झाले की वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. एका माणसाने एकाच दिवशी दोन मशीने चालवली तर दोन्हींचा भार त्याच्याच हातावर जमा होतो. आणि वेळ म्हणजे ड्यूटीचे तास नव्हेत. बोट खटक्यावर असताना आणि मशीन थरथरत असताना जेवढी मिनिटे गेली, तेवढाच वेळ मोजायचा.

हा हिशेब समजला की उपाय आपोआप सुचतात. आमचा सोबती ताकदीचा, म्हणून मशीन त्याच्या एकट्याच्या हातात, हीच चूक होती. चौघांमध्ये मशीन फिरवले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव वेळ आला असता. शिवाय झिजलेली डिस्क, बोथट टोक, सैल झालेला रबरी बुश आणि वाकडा दांडा कंपन वाढवतात. सात-आठचे मशीन दुर्लक्षामुळे पंधरा-वीसचे होऊ शकते. म्हणून मशीनची दुरुस्ती ही हाताचीच दुरुस्ती आहे.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज आहे. मागणी केली की बहुतेक ठिकाणी हातमोजे मिळतात आणि विषय मिटतो. हातमोजे जरूर घ्या. हात उबदार राहतो, ठिणगी लागत नाही, साल निघत नाही. पण टॅम्परसारख्या हत्याराचे संथ आणि जोरकस हादरे हातमोज्यातून जवळजवळ तसेच पार होतात. जाड मोज्यामुळे माणूस दांडा जास्त घट्ट धरतो आणि घट्ट पकडीने कंपन जास्त शिरते. ब्रिटनच्या सुरक्षा खात्यानेही या मोज्यांवर भरवसा ठेवू नका असेच सांगितले आहे. तेव्हा मोजे वाटून प्रशासन मोकळे झाले, असे आपण मानायचे नाही.

टपाल खात्यातले बंधू म्हणतील, हे सगळे गँगमनचे झाले, आमचे काय? कंपनाचा दुसरा प्रकार तुमचा आणि आमच्या लोको पायलटांचा आहे. सीटवरून किंवा पायातून साऱ्या शरीराला बसणारे हादरे कमरेच्या मणक्यात साठतात. मेल मोटरचे ड्रायव्हर, खेड्यातल्या रस्त्यावर मोटरसायकलने टपाल वाटणारे, टॅम्पिंग मशीनचे ऑपरेटर, इंजिनात तासन् तास बसणारे लोको पायलट, या सगळ्यांची कंबर एकाच कारणाने धरते. एके काळी धावत्या डब्यात उभे राहून टपाल लावणाऱ्या आरएमएसच्या जुन्या मंडळींना विचारा, गुडघे काय म्हणतात ते. युरोपात या प्रकारासाठी वेगळ्या रेषा आहेत, ०.५ आणि १.१५. इथे उपाय म्हणजे सीटची स्प्रिंग आणि तिची उंची ठीक असणे, टायरमध्ये योग्य हवा, गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेळेवर बदलणे आणि मधूनमधून उतरून चालणे. टपालाची मोहोर मारून मारून मनगट दुखणे हा कंपनाचा आजार नव्हे. पण एकच हालचाल हजारदा केल्याचा तो परिणाम आहे आणि त्याची नोंदही याच वहीत करायला हरकत नाही.

आणखी एक नाते ध्यानात घ्या. रूळ खराब असला की इंजिनातल्या माणसाची कंबर मोडते. तो रूळ सरळ करणारा ट्रॅकमन स्वतःच्या हातावर ते हादरे घेतो. एकाचा आराम दुसऱ्याच्या बोटांतून जातो. म्हणून हा प्रश्न एका कॅटेगरीचा नाही.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. शिसे, पारा, सिलिकोसिस असे एकूण २९ आजार. मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण त्यात होते. कंपनाचा आजार नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्या यादीतही तो नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली हवेचे प्रदूषण, आवाज आणि कंपन या तिन्हींवर १४८ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्याच संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कंपनाचे आजार स्पष्ट नावाने आहेत. यादीत नाव नसले की काय होते? डॉक्टर कळवत नाही, कळवले नाही म्हणून आकडा तयार होत नाही, आणि आकडा नाही म्हणून प्रशासन म्हणते, असा आजार आमच्याकडे नाहीच. हे वर्तुळ कुठेतरी तोडावे लागेल.

पण बंधूंनो, सगळा दोष वरच्यांना देऊन चालणार नाही. आपली माणसे दुखणे लपवतात. का लपवतात ते आम्हाला ठाऊक आहे. मुंग्यांबद्दल बोललो तर डॉक्टर अनफिट करतील, कॅटेगरी जाईल, भत्ता जाईल, मुलाचे शिक्षण अडेल. ही भीती खोटी नाही. मात्र तिच्यासमोर कायद्याचा आधार आहे, तो माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीची दुसरी जागा द्यावी लागते, आणि जागा नसेल तर जादा जागा निर्माण करून तिथे ठेवावे लागते. वैद्यकीय कारणाने कॅटेगरी बदललेल्यांना पर्यायी काम देण्याचे नियम रेल्वेच्या आस्थापना नियमावलीतही आहेत. आणि लवकर सांगितले तर गोष्ट इथवर जातही नाही. नुसते मशीन बदलून, पाळी लावून हात वाचतो. जो लपवतो त्याचीच कॅटेगरी शेवटी जाते.

संघटनेने मनावर घेतले तर काय होते, याची दोन उदाहरणे देतो. जपानच्या सरकारी जंगलांत झाडे तोडणाऱ्या कामगारांची बोटे यांत्रिक करवतीने पांढरी पडू लागली. त्यांच्या युनियनने प्रश्न लावून धरला, आणि १९७० च्या सुमारास करवत दिवसाला दोन तासांहून जास्त चालवायची नाही असे ठरले. कमी कंपनाच्या करवती आल्या. पुढच्या पिढीत आजार झपाट्याने घटला. दुसरे उदाहरण ब्रिटनच्या कोळसा खाणीतले. तिथे हा आजार १९८५ साली व्यवसायजन्य म्हणून मान्य झाला. पुढे खाणकामगार कोर्टात लढले, जिंकले, आणि १९९९ मध्ये भरपाईची योजना झाली. दीड लाखाहून जास्त दावे आले. जपानने हात वाचवले. ब्रिटनमध्ये हात गेल्यावर पैसे मिळाले. आपल्याला कोणता रस्ता हवा, हे आपणच ठरवायचे आहे.

आमच्या मते प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रत्येक गँगमध्ये एक वही ठेवा. तारीख, मशीन, चालवणाऱ्याचे नाव आणि खटक्यावरची मिनिटे. अंदाजे लिहिले तरी चालेल, पण रोज लिहा.

२. मशीन एकाच्या हातात राहणार नाही. वीस-तीस मिनिटांनी हात बदलायचा. मुकादमांनी याला कामचुकारपणा म्हणू नये.

३. बोथट, डुगडुगणारे किंवा रबर गेलेले मशीन लेखी तक्रार करून परत करा. पोच घ्या.

४. दांडा लागेल तेवढाच घट्ट धरा, मशीनचे वजन मशीनलाच पेलू द्या. थंडीत काम सुरू करण्याआधी हात शेकून घ्या. बिडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आणखी आवळतात, हे तरुणांनी तरी ऐकावे.

५. मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड आणि पांढरी बोटे ही लक्षणे दवाखान्यात सांगताना आपण कोणते मशीन किती वर्षे चालवतो, हे पहिल्या वाक्यात सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

प्रशासनापुढे पीएनएमच्या बैठकीत ठेवायच्या मागण्या चारच आहेत. नवे मशीन घेताना टेंडरमध्ये कंपनाचा आकडा मागावा आणि कमी आकड्याचे मशीन घ्यावे. कंपनीच्या पुस्तकातला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असू शकतो, म्हणून लाइनवर मोजणीही करावी. पीएमईत डोळे जसे बारकाईने तपासतात, तसे मशीन चालवणाऱ्यांचे हातही दरवर्षी तपासावेत. आणि ज्याला लक्षणे आहेत त्याला पगार व हुद्द्याला धक्का न लावता मशीनवरून हलवावे. फेडरेशनने यापुढची मागणी दिल्लीत लावून धरावी, की कंपनाच्या आजाराचे नाव यादीत घाला आणि १४८ क्रमांकाच्या कराराला मान्यता द्या.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा लोक हसले होते. १० जून १८९० ला ती सुट्टी मिळाली. आज आपण रविवार गृहीत धरतो. त्यांनी दिवस मोजले, आपल्या पुढाऱ्यांनी पुढे तास मोजले, आणि आता मिनिटे मोजण्याची पाळी आपली आहे.

आमचा तो सोबती निवृत्त झाला. मागच्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो. नातवाच्या सदऱ्याची बटणे लावायला त्याने सुनेला हाक मारली आणि आमच्याकडे पाहून हसला. आम्हाला हसता आले नाही. त्याची वही कोणी ठेवली नव्हती. आज इथून गेल्यावर उद्या सकाळच्या पाळीला तुमच्या गँगची वही सुरू झाली, तर आमचे बोलणे कारणी लागले असे समजू.

कामगार एकजुटीचा विजय असो.